‘असेल’, ‘असणार’, ‘असता’ आणि ‘पाहिजे होतं’ : इंग्रजीत दॅट नंतर मस्ट हॅव, मे हॅव, शुड हॅव कसं वापरायचं?



मी नांदेडला माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट सांगते. नववीच्या मुलांना ‘घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकलेली एक आठवण’ इंग्रजीत आठ-दहा ओळींत लिहायला दिली होती. एका मुलीचं आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, किल्लारीकडचं. तिनं आजीला फोन केला आणि १९९३ च्या भूकंपाबद्दल लिहून आणलं. त्यात एक वाक्य होतं :

‘माय ग्रँडमदर सेज दॅट हर ब्रदर शुड हॅव स्लेप्ट आउटसाइड.’

वाक्य बघितलं तर चूक कुठंच नाही. शुडनंतर हॅव आहे, हॅवनंतर क्रियापदाचं तिसरं रूप आहे, दॅटची जागा बरोबर आहे. मी खूण करणारच होते, पण काहीतरी खटकलं. तिला विचारलं, “आजी मराठीत काय म्हणाली गं नेमकं?”

ती म्हणाली, “आजी म्हणली, भाऊ भायेर झोपला असता तर वाचला असता.”

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. आजी हळहळ सांगत होती. मुलीच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ मात्र झाला, ‘भावानं बाहेर झोपायला पाहिजे होतं’, म्हणजे चूक त्याचीच! गणपती विसर्जन करून रात्री उशिरा घरी आलेला, दमून आत झोपलेला माणूस. त्याला काय माहीत पहाटे काय होणार आहे? एका ‘शुड’नं तिच्या नकळत दोष त्याच्यावर गेला.

म्हणून हा विषय आज सविस्तर घेऊ. मोडल क्रियापदं आपण सगळेच शिकवतो. बारावीच्या कृतिपत्रिकेत अमुक अर्थाचं मोडल वापरून वाक्य लिहा असा प्रश्न असतो, म्हणून मुलं यादीही पाठ करतात. पण मोडलला ‘हॅव’ जोडून भूतकाळाबद्दल बोलायचं आणि ते ‘दॅट’च्या मागे बसवायचं, इथं गाडी अडते. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. पालकांनाही ती मुलांसमोर मोठ्यानं वाचता यावीत हा हेतू आहे. वहीत अर्थातच इंग्रजी लिपीतच लिहून घ्या.

१. आधी सांगाडा

साचा एकच आहे :

मोडल + हॅव + क्रियापदाचं तिसरं रूप

मस्ट हॅव गॉन, मे हॅव सीन, शुड हॅव टोल्ड, कुड हॅव वन, वुड हॅव कम. कर्ता कोणताही असो, ‘हॅव’ बदलत नाही. ‘शी’ आली म्हणून ‘मस्ट हॅज’ होत नाही आणि भूतकाळ आहे म्हणून ‘मस्ट हॅड’ही होत नाही. मोडलनंतर मूळ रूपच येतं, हा नियम मुलांना माहीत असतो. ‘हॅव’ हेही इथं मूळ रूपच आहे, एवढं लक्षात आणून द्या.

नकार द्यायचा असेल तर ‘नॉट’ मोडल आणि हॅव यांच्या मध्ये बसतं : शुड नॉट हॅव गॉन. ‘शुड हॅव नॉट गॉन’ असं शक्यतो लिहू नये.

कर्मणी वाक्यात ‘हॅव बीन’ येतं : शुड हॅव बीन चेक्ड, म्हणजे तपासलं जायला हवं होतं. चालू क्रिया सांगायची असेल तर ‘हॅव बीन’नंतर आयएनजी रूप : मस्ट हॅव बीन स्लीपिंग, म्हणजे झोपलेले असणार.

आणखी एक. बोलताना ‘शुड हॅव’ हे ‘शुडव्ह’ असं ऐकू येतं. त्यामुळे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी मुलंसुद्धा कधी कधी ‘शुड ऑफ’ लिहितात. व्हिडिओ बघून इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या वहीतही ही चूक आता दिसू लागली आहे.

२. अर्थ मराठीतूनच पकडा

मराठीत ही सगळी रूपं आधीपासून आहेत. मुलं ती रोज बोलतात. आपण फक्त जोडी लावून द्यायची.

* गेला असणार, गेला असावा : मस्ट हॅव गॉन. डोळ्यांनी बघितलं नाही, पण पुरावा आहे. दारात चप्पल नाही, सायकल नाही, म्हणजे गेला असणार.
* गेला असेल कदाचित : मे हॅव गॉन, माइट हॅव गॉन. पुरावा नाही, नुसती शक्यता.
* गेला असणं शक्यच नाही : कान्ट हॅव गॉन, कुडन्ट हॅव गॉन. उलट्या बाजूची खात्री.
* जाऊ शकला असता : कुड हॅव गॉन. जमण्यासारखं होतं, पण गेला नाही. कधी कधी ‘कुड हॅव’चा अर्थ नुसती शक्यता असाही होतो, तो संदर्भावरून कळतो.
* जायला पाहिजे होतं, जायला हवं होतं : शुड हॅव गॉन, ऑट टू हॅव गॉन. जाणं योग्य होतं, पण गेला नाही. यात दोष किंवा पश्चात्ताप असतो.
* गेला असता : वुड हॅव गॉन. अट पुरी झाली नाही म्हणून गेला नाही.
* जायची गरज नव्हती, उगाच गेला : नीड नॉट हॅव गॉन. गेला खरा, पण जाणं वाया गेलं.

यातलं सगळ्यात फसवं रूप म्हणजे आपलं लाडकं ‘असेल’. आपल्याकडं बोलताना ‘असंल’. “एस्टी चुकली असंल” या एका वाक्यात खात्रीही बसते आणि अंदाजही. आवाजाच्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला ते कळतं. इंग्रजीत मात्र ठरवावं लागतं, मस्ट की मे? म्हणून मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा : “तुझ्याकडं पुरावा काय आहे?” पुरावा असेल तर मस्ट, नसेल तर मे.

३. ‘की’ आणि ‘दॅट’

मराठीत ‘की’ जे काम करतं, तेच इंग्रजीत ‘दॅट’ करतं. मुख्य वाक्य आधी, मग दॅट, मग ज्याबद्दल बोलायचं ते वाक्य. दॅटच्या आधी स्वल्पविराम येत नाही. साधारण तीन प्रकारच्या शब्दांनंतर हे दॅट येतं :

* क्रियापदानंतर : थिंक, बिलीव्ह, नो, फील, से, रिअलाइज, ॲडमिट.
* विशेषणानंतर : शुअर, सर्टन, क्लिअर, पॉसिबल, लाइकली, सॅड, स्ट्रेंज.
* नामानंतर : देअर इज अ चान्स दॅट, देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट.

इथं मराठी मुलांच्या तीन ठरलेल्या अडचणी आहेत.

पहिली, ‘असं’ या शब्दाची. “मला असं वाटतं की...” याचं मुलं ‘आय थिंक सो दॅट’ करतात. इंग्रजीत त्या ‘असं’ला जागाच नाही. थेट ‘आय थिंक दॅट’.

दुसरी, ‘असं म्हणतात की’ची. मराठीत कर्ता नसला तरी चालतं. इंग्रजीत रिकामी जागा चालत नाही. म्हणून ‘इट इज सेड दॅट’ किंवा ‘पीपल से दॅट’.

तिसरी अडचण खास आपल्या भागातली. “एस्टी चुकली असंल म्हणून आई म्हणली.” आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट आधी येते, मग ‘म्हणून’, मग सांगणारा. इंग्रजीत क्रम उलटा करावा लागतो : ‘मदर सेड दॅट ही मस्ट हॅव मिस्ड द बस.’ मुलाला आधी ‘म्हणून’चं वाक्य ‘की’च्या वाक्यात बदलायला सांगा. मग भाषांतर सरळ होतं. बोली चुकीची आहे असं मात्र सांगू नका. तिचा क्रम वेगळा आहे, एवढंच.

४. काळ बदलताना मोडल हॅव तसंच राहतं

अप्रत्यक्ष कथन शिकवताना आपण सांगतो की ‘विल’चं ‘वुड’ होतं, ‘कॅन’चं ‘कुड’ होतं. मुलं ते इतकं मनावर घेतात की ‘मस्ट हॅव’लाही बदलायला जातात. तिथं बदलायची गरज नाही.

प्रत्यक्ष : शी सेड, “ही मस्ट हॅव मिस्ड द बस.”
अप्रत्यक्ष : शी सेड दॅट ही मस्ट हॅव मिस्ड द बस.

‘शुड हॅव’, ‘कुड हॅव’, ‘वुड हॅव’, ‘माइट हॅव’ ही रूपंही जशीच्या तशी राहतात. ‘मे हॅव’चं ‘माइट हॅव’ केलेलं चालतं. काळ बदलला नाही तरी सर्वनाम बदलावं लागतं, तिकडं लक्ष द्या. “आई म्हणाली की तू मला सांगायला पाहिजे होतंस” यात मराठी ‘की’नंतर आईचेच शब्द आहेत. इंग्रजीत ते ‘मदर सेड दॅट आय शुड हॅव टोल्ड हर’ असं होईल. ‘तू’चं ‘आय’ झालं आणि ‘मला’चं ‘हर’.

५. दॅटच्या अलीकडचं आणि पलीकडचं जुळलं पाहिजे

दॅटच्या आधी आपण आपली खात्री किती आहे ते सांगतो आणि दॅटच्या नंतर मोडलही तेच सांगतं. दोन्ही भांडायला लागले तर वाक्य विचित्र होतं.

‘आय ॲम शुअर दॅट ही माइट हॅव गॉन.’ मराठीत करून बघा : “मला पक्की खात्री आहे की तो कदाचित गेला असेल.” वर्गातली पोरं हसतात. खात्री आहे तर कदाचित कशाला?

जुळणाऱ्या जोड्या अशा :

* आय ॲम शुअर दॅट... मस्ट हॅव किंवा कान्ट हॅव
* आय थिंक दॅट... मे हॅव, माइट हॅव, मस्ट हॅव, शुड हॅव, सगळं चालतं
* आय फील दॅट... शुड हॅव, कारण इथं मत असतं
* इट इज पॉसिबल दॅट... मे हॅव

शेवटच्या जोडीत ‘पॉसिबल’ आणि ‘मे’ दोन्ही शक्यताच सांगतात. ते चुकीचं नाही, पण शक्यतेवर शक्यता रचत जाऊ नये. ‘ही मे हॅव गॉन’ एवढंही पुरतं.

आणि जी गोष्ट पक्की माहीत आहे, तिथं मोडल लावूच नये. ‘वी नो दॅट’नंतर साधा भूतकाळ. मोडल ही न बघितलेल्या किंवा न घडलेल्या गोष्टींसाठीची सोय आहे.

६. आपल्याच भागातली वाक्यं घेऊ

पुस्तकातल्या ‘जॉन’ आणि ‘मेरी’पेक्षा मुलांना ओळखीची उदाहरणं लवकर पटतात. मी वर्गात ही तीन घेते.

लातूरचं नाव आणि कंधारची मूर्ती. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लत्तलूर म्हणजे आजचं लातूर असं इतिहासकार मानतात. राजे राहत दुसरीकडं आणि बिरुद लावत लत्तलूरचं, यावरून निष्कर्ष काढता येतो : ‘हिस्टोरियन्स बिलीव्ह दॅट द फॅमिली मस्ट हॅव कम फ्रॉम लत्तलूर.’ पुरावा आहे म्हणून मस्ट. तसंच कंधारजवळ मानसपुरीला एका प्रचंड मूर्तीचे तुटलेले भाग आहेत. ते बघून कुणीही म्हणेल : ‘इट इज क्लिअर दॅट द स्टॅच्यू मस्ट हॅव बीन ह्यूज.’ पूर्ण मूर्ती आपण बघितलेली नाही, तुकडे बघितले आहेत. ‘मस्ट हॅव’ समजावायला याहून सोपं उदाहरण मला तरी मिळालं नाही. ती का पडली, कुणी पाडली, याबद्दल मात्र मुलं अंदाजच करतील, तिथं ‘मे हॅव’.

लातूरची पाण्याची रेल्वे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. ही झाली माहिती, इथं साधा भूतकाळ. आता मतं आणि हळहळ : ‘मेनी पीपल फील दॅट वी शुड हॅव सेव्ह्ड वॉटर अर्लिअर.’ आधीच पाणी जपायला पाहिजे होतं. ‘इट इज ट्रू दॅट वी कुड हॅव स्टोअर्ड मोअर रेनवॉटर.’ पावसाचं पाणी जास्त साठवू शकलो असतो. ‘शुड’मध्ये कर्तव्य आहे आणि ‘कुड’मध्ये क्षमता. दोन्ही वाक्यांत काम झालेलं नाही.

किल्लारी. हे उदाहरण जपून घ्यावं लागतं. वर्गात कुणाच्या घरचं दुःख असू शकतं. पण दॅटनंतरच्या मोडलच्या सगळ्या पायऱ्या इथं एकत्र दिसतात.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. ‘वी नो दॅट द अर्थक्वेक स्ट्रक बिफोर डॉन.’ पक्कं माहीत, म्हणून मोडल नाही.

वेळ पहाटेची, म्हणून निष्कर्ष : ‘इट इज क्लिअर दॅट मोस्ट फॅमिलीज मस्ट हॅव बीन अस्लीप.’

जवळच माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. त्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. अशा वेळी प्रामाणिक वाक्य एकच : ‘सम सायंटिस्ट्स थिंक दॅट द रिझर्व्हॉयर मे हॅव ट्रिगर्ड द अर्थक्वेक.’ इथं ‘मस्ट हॅव’ लिहिलं तर जे सिद्ध झालेलं नाही ते आपण सिद्ध करून टाकतो.

भूकंप नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता होणार हे आधी सांगता येत नाही : ‘इट इज ट्रू दॅट नोबडी कुड हॅव नोन द अवर.’ ती वेळ कुणालाच कळू शकली नसती.

आता दोषाची गोष्ट. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच किल्लारी भागात धक्के जाणवले होते. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. म्हणून कुणी म्हणेल : ‘मेनी फील दॅट द हाउसेस शुड हॅव बीन चेक्ड आफ्टर द ट्रेमर्स.’ हे मत आहे, त्यावर चर्चा होऊ शकते. आणि ‘इंजिनिअर्स से दॅट लायटर रूफ्स वुड हॅव सेव्ह्ड मेनी लाइव्ह्ज.’ छप्परं हलकी असती तर पुष्कळ जीव वाचले असते.

बघा, भूकंप तोच आहे. पण ‘मस्ट’, ‘मे’, ‘कुड’, ‘शुड’, ‘वुड’ बदलला की निष्कर्ष, अंदाज, असहायता, दोष आणि हळहळ अशी पाच वेगळी वाक्यं होतात. बातमी वाचताना, फोनवर आलेला मजकूर पुढं पाठवताना हा फरक मोठ्यांनाही कळायला हवा. ‘मे हॅव’ची बातमी दोन फोन फिरून आली की ‘मस्ट हॅव’ होते, हा आपला रोजचा अनुभव आहे.

७. मुलं कुठं चुकतात?

* ‘जावं लागलं’ आणि ‘मस्ट हॅव गॉन’. “मला जावं लागलं” म्हणजे ‘आय हॅड टू गो’. मस्टचा अर्थ ‘पाहिजेच’ असा पाठ केलेला असतो, म्हणून मुलं ‘आय मस्ट हॅव गॉन’ लिहितात. त्याचा अर्थ ‘मी गेलो असणार’ असा होतो. स्वतः गेलेल्या माणसाला एवढी शंका कशी?
* ‘पाहिजे होतं’चे दोन अर्थ. “मला पाणी पाहिजे होतं” म्हणजे ‘आय वॉन्टेड वॉटर’. “मी पाणी प्यायला पाहिजे होतं” म्हणजे ‘आय शुड हॅव ड्रंक वॉटर’. आधी वस्तू असेल तर वॉन्टेड, आधी क्रियापद असेल तर शुड हॅव.
* ‘असेल’ पण आत्ताचं. “तो घरी असेल” हे आत्ताबद्दल आहे : ‘ही मे बी ॲट होम’. “तो घरी गेला असेल” हे झालेल्या गोष्टीबद्दल आहे : ‘ही मे हॅव गॉन होम’. ‘असेल’च्या आधी ‘गेला, केलं, आली’ असं रूप असेल तरच हॅव.
* दोन ‘असता’. “झोपला असता तर वाचला असता.” मराठीत दोन्हीकडं ‘असता’ आहे म्हणून मुलं दोन्हीकडं ‘वुड हॅव’ लावतात. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरं रूप, दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप.

८. एक वेगळं ‘शुड हॅव’

हा भाग अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. हे वाक्य बघा : ‘इट इज सॅड दॅट ही शुड हॅव स्पोकन लाइक दॅट.’

याचा अर्थ ‘त्यानं तसं बोलायला पाहिजे होतं, हे वाईट आहे’ असा नाही. तो तसं बोललाच आहे. सॅड, स्ट्रेंज, सरप्रायझिंग अशा भावना दाखवणाऱ्या शब्दांनंतरच्या दॅटमध्ये ‘शुड हॅव’ आलं तर क्रिया घडलेली असते आणि बोलणाऱ्याला तिचं वाईट किंवा नवल वाटत असतं.

अवघड वाटलं तर मराठीकडं वळा. “त्यानं असं बोलावं याचं वाईट वाटतं.” बोलावं! आपलं विध्यर्थी रूपही अगदी हेच करतं. ‘मुलांनी खरं बोलावं’ यात कर्तव्य आहे आणि ‘त्यानं असं बोलावं!’ यात नवल. इंग्रजी ‘शुड’चे हे दोन चेहरे आपल्या ‘बोलावं’मध्ये आधीपासूनच आहेत. हे दाखवलं की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

९. पालकांसाठी थोडंसं

लातूर-नांदेडकडं निकालाचा दिवस म्हणजे काय असतो हे सांगायला नको. लातूर पॅटर्नच्या नावानं गावोगावची पोरं इथं खोल्या करून राहतात, क्लास लावतात. निकाल लागला की घरोघरी एकच क्रियापद ऐकू येतं : “अजून थोडा अभ्यास करायला पाहिजे होतास.” शुड हॅव!

मी म्हणते, तेही म्हणावं, पण ते पहिलं वाक्य नसावं. आधी ‘मस्ट हॅव’ म्हणून बघा : “पेपर अवघड गेला असणार तुला.” ‘आय नो दॅट इट मस्ट हॅव बीन हार्ड.’ मग ‘कुड हॅव’ : “कुठं अजून मार्क मिळवता आले असते, सांग बरं.” यात दोष नाही, शोध आहे. ‘शुड हॅव’ सगळ्यात शेवटी, तेही गरज पडली तर.

१०. सराव

मुलांना आधी मराठी वाक्य मोठ्यानं वाचू द्या, मग ‘पुरावा आहे का, दोष आहे का, अट आहे का’ हे तीन प्रश्न विचारा आणि मगच इंग्रजी करून घ्या.

१. मला वाटतं की कदाचित तिची एस्टी चुकली असेल.
२. रस्ते ओले आहेत. मला खात्री आहे की रात्री पाऊस पडला असणार.
३. बाबा म्हणाले की तू मला आधी विचारायला पाहिजे होतंस.
४. शेतकरी म्हणतात की पाणी वेळेवर आलं असतं तर ऊस वाचला असता.
५. मला वाटतं की त्यानं चोरी केली असणं शक्यच नाही.
६. ती म्हणाली की मला बँकेत जावं लागलं.
७. तो आजीला विसरावा याचं नवल वाटतं.

उत्तरं :

१. आय थिंक दॅट शी मे हॅव मिस्ड द बस.
२. आय ॲम शुअर दॅट इट मस्ट हॅव रेन्ड लास्ट नाइट.
३. फादर सेड दॅट आय शुड हॅव आस्क्ड हिम फर्स्ट.
४. फार्मर्स से दॅट द शुगरकेन वुड हॅव सर्व्हाइव्ड इफ द वॉटर हॅड कम इन टाइम.
५. आय थिंक दॅट ही कान्ट हॅव स्टोलन इट.
६. शी सेड दॅट शी हॅड टू गो टू द बँक. इथं मोडल हॅव नाहीच, मुद्दाम दिलं आहे.
७. इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड हॅव फर्गॉटन हिज ग्रँडमदर.

आता त्या मुलीच्या वाक्याकडं परत येते. मी तिला लाल पेनानं काही खोडून दिलं नाही. फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली, ‘झोपायला पाहिजे होतं’ आणि ‘झोपला असता तर वाचला असता’, आणि विचारलं, “यातलं आजीचं कोणतं?” तिनं लगेच दुसऱ्याकडं बोट दाखवलं. मग वहीत स्वतःच लिहिलं :

‘माय ग्रँडमदर सेज दॅट हर ब्रदर वुड हॅव सर्व्हाइव्ड इफ ही हॅड स्लेप्ट आउटसाइड.’

दोन दिवसांनी ती सांगत होती, “मॅडम, आजीला वाक्य वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. आजी म्हणली, हाव, असंच म्हणले होते मी.”